अहिरे बाईंचा संशय

अहिरे बाई आमच्या कॉलेजात रुजू झाल्या त्या दिवशी प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये त्यांची ओळख करून दिली. म्हणाले, "मॅडम फार अनुभवी आहेत." बाई शेजारीच उभ्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "कशावरून?"

प्राचार्य हसले, म्हणून आम्हीही हसलो. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांना खरोखर उत्तर हवं होतं. मी तेव्हाच मनात म्हटलं, या बाईंशी आपलं जमायचं नाही.

नाशिकच्या बाहेर, द्राक्षबागा संपून प्लॉटिंगचे बोर्ड सुरू होतात तिथे आमचं फार्मसी कॉलेज आहे. मी मुलांना गोळ्या कशा बनवायच्या ते शिकवतो. त्या गोळीचं पोटात गेल्यावर पुढे काय होतं, ते बाई शिकवायच्या. नाव डॉ. शैला अहिरे, गाव सटाणा. चणीनं लहान, सुती साडी, आणि घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. वेळ बघायची तर हात असा वळवायच्या की आपण काहीतरी चोरलंय आणि त्यांना ते सापडलंय असंच वाटावं.

संशय हा त्यांचा स्वभाव नव्हता, ती त्यांची राहणी होती. कॅन्टीनचा चहा आधी हुंगायचा, मग प्यायचा. गवार घेताना एक शेंग मोडून खाऊन बघायची. भाजीवाली कुरकुरली तर "तू खाऊन बघितलीस का?" म्हणून तिलाही एक द्यायची. मुलांनी त्यांचं नाव 'कशावरून मॅडम' ठेवलं होतं. त्यांना ते कळलं तेव्हा रागावल्या नाहीत. फक्त विचारलं, की हे नाव आधी कोणी ठेवलं, आणि ठेवणाऱ्याला दुसरं काही सुचलं नव्हतं याला पुरावा काय.

एकदा मी त्यांच्याबरोबर रिक्षात होतो. रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, द्वारका चौकात लय जाम आहे, फिरून जाऊ."

"कशावरून?"

"दोस्ताचा फोन आला ना आत्ता."

"दोस्त कुठे उभा आहे? द्वारकेच्या अलीकडे की पलीकडे?"

रिक्षावाल्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी बाहेर पाहिलं. शेवटी आम्ही द्वारकेलाच गेलो आणि एका कांद्याच्या ट्रकमागे असे अडकलो की पुढे बघायला फक्त गोण्या. मी चिडलो होतो. बाई मात्र तृप्त दिसत होत्या. म्हणाल्या, "आता कळलं. दोस्त खरा होता." उतरताना त्यांनी रिक्षावाल्याची रीतसर माफीही मागितली. तो बिचारा त्या माफीनंच जास्त घाबरला.

असल्या गोष्टींनी माणूस विक्षिप्त ठरतो, वाईट ठरत नाही. पण एकदा स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्यानं मुलीचं लग्न ठरल्याचे पेढे वाटले आणि कौतुकानं सांगितलं, "मुलगा अगदी निर्व्यसनी आहे." बाईंनी पेढा खाली ठेवला. म्हणाल्या, "त्याला अजून त्याचं व्यसन भेटलं नसेल."

तो सहकारी दिवाळीपर्यंत त्यांच्याशी बोलला नाही. मलाही ते वाक्य फार लागलं. आनंदाच्या घरात जाऊन असं कोणी बोलतं का? पण त्याच वेळी वाटलं, हे वाक्य स्टाफरूममध्ये सुचलेलं नाही. हे बाई घरून घेऊन आल्या आहेत.

मग कॉलेजात उंदीर आले. परवानग्यांच्या चकरा मारून मारून बाईंच्या चपला झिजल्या, तेव्हा कुठे बाहेरच्या एका मोठ्या संस्थेतून ते मिळाले. दोन जातींचे होते. दिसायला सारखेच पांढरे, लाल डोळ्यांचे. फरक होता तो मेंदूत, तोही एवढासा. मॉर्फीनसारखं औषध मेंदूतल्या पेशींवर ज्या जागी जाऊन बसतं तिला रिसेप्टर म्हणतात. ती जागा घडवणाऱ्या जनुकात एका जातीच्या उंदरांत एकच अक्षर बदललेलं होतं. बाई मुलांना सांगायच्या, "पाहुणा तोच, पंगत तीच, फक्त पाट जरा वेगळा. आता बघायचं, पाहुणा त्या पाटावर किती रमतो."

बघायची रीत अशी. एका पेटीला दोन खोल्या. एकीच्या भिंतींवर काळे-पांढरे पट्टे आणि खाली जाळी, दुसरीच्या भिंती करड्या आणि जमीन गुळगुळीत. उंदराला एका खोलीत मॉर्फीन टोचायचं, दुसऱ्या खोलीत नुसतं मिठाचं पाणी. असं काही दिवस करायचं. मग एक दिवस काहीच न टोचता मधलं दार उघडायचं आणि तो कुठे जाऊन बसतो ते बघायचं. सुख जिथे मिळालं होतं तिथे तो जातो. तिथे आता काही नसतं. तरी तो कोपऱ्यात वाट बघत बसून राहतो. मला ते बघवत नसे. बाई मात्र डोळ्याची पापणी न लववता बघायच्या.

मॉर्फीन ठेवायला लोखंडी कपाट होतं. बाईंनी त्याला दोन कुलपं लावून घेतली. एकाची किल्ली त्यांच्याकडे, दुसऱ्याची माझ्याकडे. दोघं असल्याशिवाय कपाट उघडायचं नाही. मी विचारलं, "मीच का?"

"तुम्ही संशयी आहात, सर. चेहऱ्यावरून दिसतं."

मला तो अपमान वाटला. कोणता उंदीर कोणत्या जातीचा हेही फक्त मलाच ठाऊक असायचं. पिंजऱ्यांवर नुसत्या खुणा होत्या. नोंदी घेणाऱ्याला जात कळली की त्याचा डोळा खोटं बोलायला लागतो, असं बाईंचं म्हणणं. म्हणून निरीक्षणाच्या वेळी मला बाहेर काढायच्या. "तुमचा चेहरा फार बोलका आहे. बाहेर थांबा." दुसऱ्याच्या हातावर भरवसा नाही म्हणून इंजेक्शनं मात्र त्या स्वतः द्यायच्या. त्यांची पीएच.डी.ची विद्यार्थिनी प्रणाली, तिनं नुसतं धरून द्यायचं म्हटलं तरी, "राहू दे, तू घाई करतेस."

पुढे कधीतरी स्टाफरूममध्ये कुजबुज कानावर आली. बाईंचा एक भाऊ आहे. तो नशेच्या गोळ्यांवर आहे. व्यसनमुक्ती केंद्रात असतो. सांगणाऱ्यानं मान वाकडी करून पुढचं माझ्यावरच सोडलं, "आणि मॉर्फीनचं कपाट बाईंकडे. आता तुम्हीच समजा."

मी समजलो. माणसाचं मन किती स्वस्त असतं बघा. त्या दिवसापासून कपाट उघडलं की मी बाटलीतली पातळी डोळ्यांनी मोजायला लागलो. बाईंची पर्स कुठे ठेवली आहे ते बघायला लागलो. त्या फोन घेऊन व्हरांड्यात गेल्या की माझे कान टवकारायचे. एकदा त्यांनी मला पकडलं. मी बाटली उजेडाकडे धरून बघत होतो.

"बघा, बघा," त्या म्हणाल्या. "नीट बघा, तिरकी धरू नका. तुम्ही बघता म्हणून मला झोप लागते."

मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. बाईंनी स्टूल ओढलं, बसल्या आणि रवीची गोष्ट सांगितली. रवी त्यांचा धाकटा भाऊ. मोटरसायकलवरून पडला, पाठीचं ऑपरेशन झालं, दुखण्यासाठी गोळ्या सुरू झाल्या. पाठ बरी झाली, गोळ्या सुटल्या नाहीत. मग गोळ्यांसाठी खोटं, मग चोरी, मग बायको माहेरी. केंद्रातून दोनदा बरा होऊन आला आणि दोनदा परत गेला.

"शेजारच्या खाटेवर विंचूरकडचा एक माणूस होता," बाई म्हणाल्या. "तेच ऑपरेशन, त्याच गोळ्या, तितकेच दिवस. तो घरी जाऊन कांदे काढायला लागला. रवी का नाही?"

त्यांच्या वडिलांकडे, नानांकडे, याचं उत्तर तयार होतं. नाना सटाण्याला हेडमास्तर होते. त्यांचं म्हणणं, पोरगा मनाचा दुबळा. संगत वाईट, वळण नाही. त्यांनी रवीला घरात घ्यायचं बंद केलं होतं. आता केंद्रवाले म्हणत होते, हा तिसऱ्यांदा बरा झालाय, याला सोडायचंय, घरचा पत्ता द्या. आणि नाना म्हणत होते, यात त्याचा दोष नाही हे सिद्ध करून दाखव, मग दार उघडतो.

"म्हणून हे उंदीर?" मी विचारलं.

"म्हणून दोन कुलपं," बाई म्हणाल्या. "मी त्याची बहीण आहे. माझ्या एकटीच्या हातात किल्ली नको."

तेव्हा कुठे मला कळलं, की या बाई जगावर संशय घेतात तो उरलासुरला. पहिला वाटा त्या स्वतःवर घेतात.

निकाल आला तेव्हा प्रणाली नाचायचीच बाकी होती. बदललेल्या अक्षराचे उंदीर मॉर्फीनच्या खोलीत ठाण मांडून बसले होते. साध्या जातीचे इकडेतिकडे फिरत होते. फरक इतका ढळढळीत की आंधळ्यालाही दिसावा. प्राचार्यांनी पेढे मागवले. मी बाईंना म्हटलं, "आता जा सटाण्याला. नानांसमोर ठेवा हे." बाई पेढ्याकडे बघत राहिल्या.

"मला जसं हवं होतं तसंच कसं आलं?" त्या म्हणाल्या.

"कारण ते खरं आहे!" मी जवळजवळ ओरडलो.

नव्या मुलांना दाखवायला म्हणून प्रणालीनं इंजेक्शन देतानाचं मोबाइलवर शूटिंग करून ठेवलं होतं. बाईंनी ते मागून घेतलं आणि दोन दिवस आपल्या खोलीत बघत बसल्या. तिसऱ्या दिवशी मला बोलावलं.

"माझ्या चेहऱ्याकडे नका बघू. हाताकडे बघा."

मी बघितलं. बाई एक उंदीर शेपटीनं उचलतात, टोचतात, खोलीत सोडतात. मग दुसरा. तो मात्र ओंजळीत घेतात. टोचायच्या आधी त्यांचा अंगठा त्याच्या पाठीवरून फिरतो, एकदा, दोनदा. टोचून झाल्यावरही लगेच सोडत नाहीत, जरा धरून ठेवतात. पुढचा पुन्हा शेपटीनं.

"ओंजळीतले कोणते?" त्यांनी विचारलं. "आता सांगितलं तरी चालेल."

मी पिंजऱ्यांच्या खुणा पडताळून पाहिल्या. ओंजळीतले बहुतेक सगळे बदललेल्या अक्षराचे होते.

"ते जरा बुजरे आहेत. हातात आले की थरथरतात," बाई म्हणाल्या. "मला ते कधी ओळखू यायला लागले, मलाच कळलं नाही. आणि मॉर्फीनच्या दिवशीच मी त्यांना असं कुरवाळलंय, मिठाच्या पाण्याच्या दिवशी नाही. त्या खोलीत त्यांना मॉर्फीन आवडलं की माझा हात आवडला, सांगा बरं?"

मी म्हटलं, एवढ्यानं काय फरक पडतो. प्राचार्य म्हणाले, वेड लागलंय का? प्रणाली रडली. तिची दोन वर्षं त्या पेट्यांमध्ये होती. तिकडे केंद्राचे फोन येत होते, भावाला न्यायला कधी येताय. सगळ्यांना पाहिजे होतं ते उत्तर बाईंच्या हातात होतं, आणि बाईंनी ते टाकून दिलं. मला त्यांचा इतका राग आला की मी त्या आठवड्यात त्यांच्याबरोबर चहा घेतला नाही. हा प्रामाणिकपणा आहे की जित्याची खोड, मला ठरवता येईना.

प्रयोग पुन्हा केला. नवे उंदीर, आणि उंदीर हाताळायला दुसऱ्या कॉलेजातली एक मुलगी, जिला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. बाई व्हरांड्यात बाकावर बसून राहायच्या, दोन्ही हात मांडीवर, जणू हातांनाच शिक्षा केली आहे. केंद्रवाल्यांना विनवून त्यांनी मुदत वाढवून घेतली होती. ती संपत आली तेव्हा निकाल आला. फरक होता. पण बारीक होता. बदललेल्या अक्षराचे जास्त उंदीर मॉर्फीनच्या खोलीत बसले हे खरं, पण त्यांच्यातलेच काही तिकडे फिरकले नाहीत, आणि साध्या जातीतला एखादा असा चिकटून बसला की हलेना.

"आता थोडा विश्वास बसतो," बाई म्हणाल्या. मी म्हटलं, "तुमचा बसला. नानांचा कसा बसणार?"

सटाण्याला त्यांनी मलाही नेलं. म्हणाल्या, "साक्षीदार हवा. नानांसमोर मी काय बोलून जाईन याचा मला भरवसा नाही." वाटेत मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगत होतो, पहिलाच निकाल सांगा. म्हाताऱ्या माणसाला काय कळतंय! त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

नाना कांदे साठवायच्या चाळीसमोर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. ताठ, इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं. मुलीनं पेटी, दोन खोल्या, पाट सगळं सांगितलं. मधेच त्यांनी हात वर केला.

"म्हणजे त्याचा दोष नाही?"

"तसं म्हणता येत नाही, नाना."

"म्हणजे आहे?"

"तसंही म्हणता येत नाही. काहींना तीच गोष्ट जास्त गोड लागते, एवढंच दिसलं. त्यातलेही सगळे तिच्या मागे जात नाहीत. आणि हे उंदीर आहेत. यावरून रवीचं काहीच सिद्ध होत नाही."

मी डोळे मिटून घेतले. एक वाक्य खोटं बोलायचं होतं, फक्त एक.

"मग इतकी वर्षं केलंस काय?" नाना म्हणाले. मग, "तुझा स्वतःचा आहे का त्याच्यावर विश्वास?"

"नाही," बाई म्हणाल्या.

"तुझाच नाही, मग मी का ठेवू?"

"नका ठेवू. मी त्याला माझ्याकडे नेतेय नाशिकला. विश्वास नाही म्हणून नेतेय, नाना. विश्वास असता तर कुठेही राहू दिलं असतं."

नानांचे ओठ हलले. इतका वेळ शाळेतलं मराठी बोलणारे हेडमास्तर एकदम घरच्या अहिराणीत आले. "मना पोर्‍या शे तो," ते म्हणाले. "पण ह्या घरमा नई." पोरगा माझाच, पण या घरात नको, एवढं बोलून ते उठून चाळीच्या मागे गेले. बराच वेळ आले नाहीत. तिकडून कांदे निवडल्याचा आवाज येत होता, कुजके एकीकडे, चांगले एकीकडे.

परतताना गाडीत बाई रडल्या. मोकळ्या, आवाज करून, पदर तोंडाशी न धरता. मी म्हटलं, "तुम्ही खोटं बोलला असतात तर आज दार उघडलं असतं." त्या म्हणाल्या, "आणि रवी पहिल्यांदा घसरला की बंद झालं असतं, कायमचं. मग नानांनी माझ्यावरही विश्वास ठेवला नसता."

त्यानंतर वर्षभरानं बाई निवृत्त झाल्या. पुढे नाना अंथरुणाला खिळले, त्यांचं करायला माणूस हवं म्हणून बाई रवीला घेऊन सटाण्याला राहायला गेल्या, असं कळलं. नानांनी रवीला आत घेतलं की त्यांना अडवण्याची ताकद उरली नव्हती, ते मला माहीत नाही. बाईंना विचारलं असतं तर त्यांनीही छातीठोक सांगितलं नसतं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याआधी, नाशिक रोडच्या त्यांच्या फ्लॅटवर. पाय घसरून पडल्या होत्या, उजवा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून बघायला गेलो. दुखत असणार, कपाळावर घाम होता. डॉक्टरांनी जोरदार गोळ्या लिहून दिल्या होत्या. त्यांनी त्या आणल्याच नव्हत्या. "साध्या गोळीवर भागतंय," म्हणाल्या. मी विचारलं, "रवीमुळे?" तर म्हणाल्या, "दोघांचे आईबाप एकच आहेत, सर."

संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला रवी आला. झेरॉक्सच्या दुकानात काम करायचा. बारीक, हसऱ्या चेहऱ्याचा, देखणा माणूस. मला नमस्कार करून तो सरळ बाईंच्या खुर्चीसमोर जाऊन उभा राहिला. एरवी बाई स्वतः तपासत असाव्यात, हात मोडल्यापासून ते काम त्यानंच अंगावर घेतलं असावं. त्यानं शर्टाचा खिसा उलटा करून दाखवला. मग पँटचे दोन्ही. रुमाल, मोबाइल, बसचं तिकीट, अर्धी खाल्लेली चिक्की, सगळं टेबलावर मांडलं. मी अवघडून छताकडे बघायला लागलो. ते त्याच्या लक्षात आलं.

"ताईना स्वभाव शे, सर," तो म्हणाला. "दररोजनं शे हाई."

त्याच्या आवाजात राग नव्हता. लाजही नव्हती. बाईंनी टेबलावरची एकेक वस्तू डाव्या हातानं उलटून पाहिली, चिक्की हुंगली आणि त्याच्याकडे वर बघितलं. त्यांचे डोळे भरून आले होते. मला वाटलं, आता काहीतरी मायेचं बोलतील.

"मागचा खिसा राहिला," बाई म्हणाल्या.

रवी हसला आणि पाठ फिरवून उभा राहिला.